परदेशी वेबसाईटची मेंबरशिप क्रिप्टोनं भरताना: बेळगावच्या एका राउटर वर्कशॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी बेळगावात छोट्या युनिटांची अकौंट आणि जीएसटीची कामं बघतो, बहुतेक मंडळी उद्यमबाग, मच्छे, अनगोळ या पट्ट्यातली. त्यातल्याच एकाचं हे प्रकरण आहे. नाव, गल्ली सांगत नाही, आकडे गोल केलेत, बाकी घडलं तसं लिहितोय. सगळे त्यांना मेस्त्री म्हणतात, तेव्हा इथंही मेस्त्रीच.

मेस्त्रींची सुतारकी वडलांपासूनची. काही वर्षांमागं कर्ज काढून सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावर चालणारी लाकूड कोरायची मशीन, घेतला आणि धंदा बदलला, आता सागवानी देवघर, दाराच्या चौकटी, जाळी, आणि श्रावणाच्या तोंडावर मखरं आणि मंडळांच्या कमानी. गिऱ्हाईक खानापूर, निपाणीकडचं तसंच सीमेपलीकडचं चंदगड, गडहिंग्लजचंही. एकाला यल्लम्मा पाहिजे, एकाला बसवण्णा, एकाला विठ्ठल-रखुमाई, आणि महाराजांची मागणी तर बारा महिने. मशीन लाकूड कोरतं ते थ्रीडी फाईल बघून, ती फाईल नसेल तर लाखांची मशीन नुसती उभी. आणि उठावाचं एक चांगलं मॉडेल संगणकावर शून्यातनं उभं करायचं म्हणजे जाणकाराचेही दोन-चार दिवस जातात. म्हणून जगभरातले राउटरवाले अशा फाईलींच्या वेबसाईटची मेंबरशिप घेतात, वर्षाचे पैसे भरले की महिन्याला ठराविक फाईली उतरवून घेता येतात. मेस्त्री अजून जुन्या आर्टकॅमवरच काम करतात, ते सॉफ्टवेअर ऑटोडेस्कनं २०१८ ला बंद केलं तरी आमच्याकडच्या वर्कशॉपांमधनं काही गेलेलं नाही.

तर मेस्त्री अशा एका परदेशी साईटचे दोन-तीन वर्षं मेंबर होते. फाईली चांगल्या, महिरपीची नक्षी तर फारच सुबक, वेलीचं टोक कुठं पातळ होऊन संपतं ते लाकडावर उतरल्यावर बोटाला कळतं. पैसे भरायला पुण्याच्या चुलत भावाचं क्रेडिट कार्ड. आधी ते आपोआप कापून जायचं. मग १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम कडक झाला, आपोआप कापायचं तर आधी मंजुरी, आधी मेसेज, ठराविक रकमेच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी, आणि बाहेरच्या बारक्या साईटांनी ते काही करून घेतलं नाही, म्हणून दरवेळी भावाला फोन करून ओटीपी मागवून हातानं भरायचं चालू झालं. त्याची सवय झालेली. मेस्त्रींच्या स्वतःच्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंदच, २०२० पासून नवीन कार्डांवर ते बंदच ठेवून देतात आणि आपण चालू करायला लागतं, ते त्यांनी कधी केलं नाही कारण गरज पडली नाही.

अडचण

गेल्या पावसाळ्यात, ऐन मखरांच्या दिवसात, मेंबरशिप संपली. भाचा, जो इथंच इंजिनिअरिंगला आहे आणि मशीनवर संध्याकाळी बसतो, त्यानं रिन्यू करायला साईट उघडली तर कार्डाचा पर्यायच नाही. तात्पुरता बंद आहे एवढंच लिहिलेलं, खाली नुसती क्रिप्टो नाणी: बिटकॉइन, लाइटकॉइन आणि टीआरसी-२० वरचं, म्हणजे ट्रॉन नावाच्या नेटवर्कवरचं, यूएसडीटी हे डॉलरच्या भावाचं नाणं. वर्षाचे १२० डॉलर, महिन्याचे घेतले तर १५.

साईट कार्ड का बंद करते हे आधी समजून घ्यायला पाहिजे, कारण ते कळल्याशिवाय पुढचा निर्णय घेता येत नाही. दरवेळी लबाडीच असते असं नाही. कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या डिजिटल माल विकणाऱ्या छोट्या साईटींना धोक्याचं गिऱ्हाईक धरतात, फाईल उतरवून घेऊन लोक बँकेत तक्रार टाकून पैसे परत मागतात, तसं जास्त झालं की ती कंपनी साईटला सोडून देते. मग साईटकडं क्रिप्टो उरतं, कारण त्यात गेलेले पैसे कोणी ओढून परत घेऊ शकत नाही. तीच गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितली की फसवणाऱ्या साईटलाही नेमकं तेच पाहिजे असतं. बाहेरनं दोन्ही सारख्याच दिसतात.

मेस्त्रींच्या बाबतीत साईट ओळखीची होती, जुनं अकौंट होतं, जुन्या फाईली दिसत होत्या. नवीन साईट असती तर मी सरळ नको म्हणलो असतो.

"हे चालतंय काय? बेकायदा तर नाही?" हा मेस्त्रींचा पहिला प्रश्न. चालतंय, पण चलन म्हणून नाही. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांशी संबंध ठेवू नका म्हणून परिपत्रक काढलं होतं, ते सुप्रीम कोर्टानं ४ मार्च २०२० ला रद्द केलं. २०२२ च्या बजेटनं त्यावर ३० टक्के कर बसवला, त्याच वर्षी १ जुलैपासून एक टक्का टीडीएस आला, आणि मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्या, मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आले, म्हणजे त्यांना सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं नोंदणी करावी लागते. तेव्हा विकत घेणं गुन्हा नाही, पण कागद मात्र चोख लागतो. परदेशी सेवेचे पैसे द्यायचे तर फेमा हा परकी चलनाचा कायदा अधिकृत बँकांकडं बोट दाखवतो आणि क्रिप्टोबद्दल त्यात सरळ काही लिहिलेलंच नाही, म्हणून मोठी रक्कम असती तर सीएला विचारल्याशिवाय हात लावू दिला नसता.

पर्याय कोणते होते

पहिला म्हणजे थांबायचं आणि कार्ड परत सुरू व्हायची वाट बघायची. पण मंडळाच्या कमानीचा ॲडव्हान्स घेतलेला आणि खानापूरच्या एका घरच्या देवघराची महिरप त्याच साईटवरची दाखवून पसंत करून घेतलेली. गिऱ्हाइकाला चित्र दाखवून झाल्यावर दुसरं घ्या म्हणणं अवघड असतं.

दुसरा, फाईल कोणाकडनं तरी "मिळवायची". हे राउटरवाल्यांच्या ग्रुपवर सर्रास चालतं, पेन ड्राइव्ह भरभरून चोरीच्या फाईली फिरतात. मेस्त्री त्याला तयार नव्हते, आणि कारण फार तात्त्विक नव्हतं. त्या फाईली बऱ्याचदा फाटक्या निघतात, मशीन मध्येच बिट खोल घालतं आणि सागवानाची फळी वाया.

तिसरा पर्याय भाच्यानं आणला. टेलिग्रामवर एकजण आहे, त्याला यूपीआय केलं की तो लगेच यूएसडीटी पाठवतो, केवायसी नाही, काही नाही. "मामा, दोन मिनिटाचं काम हाय." इथं पहिला खरा निर्णयाचा टप्पा होता. अनोळखी माणसाला यूपीआय करून तो नाणं पाठवेलच याची हमी कोण देणार हा एक भाग झाला. पण मोठा धोका खात्याचा. सायबर फसवणुकीचे पैसे पुढं पुढं सरकवायला हाच रस्ता वापरतात, कोणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की त्या साखळीतल्या खात्यांवर दुसऱ्या राज्याच्या पोलिसांकडनं होल्ड येतो, आणि तो सोडवायला कुठल्या कुठं खेपा आणि ईमेल. आता खरं सांगायचं तर असा होल्ड जास्त करून पैसे घेणाऱ्यावर येतो, आणि आपण पैसे देणारे. भाच्यानंही तेच सांगितलं आणि ते चूक नव्हतं. फक्त त्या अनोळखी खात्याला आपण पैसे पाठवल्याची नोंद राहते, उद्या चौकशी आली तर ह्याला का पाठवलेत याचं उत्तर द्यायला लागतं, आणि उरलेलं नाणं तसंच विकायला गेलो की त्या क्षणी आपण घेणारे झालो. मेस्त्रींच्या करंट खात्यात त्या महिन्यात मखरांचे सगळे ॲडव्हान्स येत होते. दहा-अकरा हजारासाठी ते खातं डावाला लावायचं नाही, एवढं ठरलं.

चौथा, परदेशी एक्स्चेंज. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी न करता धंदा करणाऱ्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या होत्या आणि त्यांच्या साईट-ॲप इथं बंद पडल्या, काही नंतर नोंदणी करून परत आल्या. त्या भानगडीत पडायला नको म्हणून सोडलं.

उरला नोंदणी असलेला देशी एक्स्चेंज. हळू, केवायसीचा, पण बँकेच्या स्टेटमेंटवर स्वच्छ दिसणारा.

वर्ष की महिना यावर मात्र पुरेसा विचार झाला नाही असं मला आता वाटतं. वर्षाचे घेतले तर साठ डॉलर वाचतात हे दिसत होतं आणि मेस्त्री धंद्याचे माणूस, त्यांनी लगेच वर्षाचे म्हणलं. तो मुद्दा पुढं परत येईल.

काय केलं

एक्स्चेंजचं ॲप उतरवलं आणि केवायसीलाच गाडी अडली. हे आमच्याकडचं खास दुखणं आहे. मेस्त्रींचं पॅन जुनं, त्यावर नाव, वडलांचं नाव, आडनाव असं आपल्या पद्धतीनं. आधार कर्नाटकातलं, एका बाजूला कन्नड, एका बाजूला इंग्रजी, त्यात आडनाव आधी आणि वडलांचं नाव गायब. बँकेच्या पासबुकात वडलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. पत्ता एकीकडं बेलगाम, एकीकडं बेळगावी, कारण सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि जुने कागद जुन्याच नावाचे राहिले. माणूस बघितला तर सगळं एकाच माणसाचं आहे हे समजतं, ॲपला समजत नाही. पुन्हा पुन्हा नामंजूर. शेवटी पासबुकाचं नाव बँकेत अर्ज देऊन आधारसारखं करून घेतलं आणि पॅनवर दुरुस्ती टाकली, त्यात आठवड्याच्या वर गेला. तोवर मेस्त्रींनी बाकीची जाळीची कामं पुढं ओढली.

मग पैसे घातले, यूएसडीटी घेतलं. यूएसडीटी म्हणजे एक नाणं एक डॉलर असं धरून चालणारं, पण इथं ते डॉलरच्या भावात मिळत नाही, वर चार-पाच टक्के चढा भाव असतो. त्यांना साधारण ९१ रुपयाला पडलं, तेव्हा डॉलर ८६-८७ च्या आसपास होता. ११,००० रुपये घातले, ट्रेडिंगचं कमिशन जाऊन १२० आणि वर थोडं सुट्टं हातात आलं. बरोब्बर लागतं तेवढंच घेतलं. जादा नको, उगाच अडकून पडेल, हा विचार.

नवीन अकौंट म्हणून एक्स्चेंजनं नाणं बाहेर पाठवायला एक दिवस थांबवलं. काही देशी ॲपमधनं नाणं बाहेर काढताच येत नाही, नुसती आतल्या आत खरेदी-विक्री, ते भाच्यानं आधी बघून घेतलं होतं हे बरं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साईटवर जाऊन वर्षाचा प्लॅन निवडला. साईट एक पत्ता, म्हणजे नाणं कुठं पाठवायचं त्याचा अक्षरं-आकड्यांचा लांब क्रमांक, आणि क्यूआर देते, आणि वर घड्याळ उलटं पळायला लागतं, अर्ध्या तासात पैसे आले पाहिजेत. भाच्यानं पत्ता कॉपी करून एक्स्चेंजमध्ये टाकला आणि मी सांगितलं होतं तसं पहिली पाच-सहा आणि शेवटची पाच-सहा अक्षरं मेस्त्रींकडनं वाचून घेऊन पडताळली. मोबाईलच्या काचेवर भुसा, मेस्त्री चष्मा कपाळावर चढवून एकेक अक्षर म्हणतायत, मोठं की छोटं ते पण सांगतायत. हे वेड्यासारखं दिसतं पण करायलाच पाहिजे, कॉपी केलेला पत्ता मधल्या मध्ये बदलणारे व्हायरस आहेत. आणि नेटवर्क बघायचं: ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी या अक्षरानं सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सनं. एकच यूएसडीटी वेगवेगळ्या नेटवर्कवर असतं, आणि नुसतं नाव बघून भलतं नेटवर्क निवडलं तर कधी ॲप अडवतं, कधी नाही.

इथंवर सगळं बरोबर होतं. मग ॲपनं विचारलं किती पाठवायचं, भाच्यानं "मॅक्स", म्हणजे आहे तेवढं सगळं, दाबलं. एक्स्चेंजची बाहेर काढायची फी ४ यूएसडीटी, ती त्यातनंच गेली. शिवाय पहिलीच विथड्रॉवल म्हणून एक्स्चेंजनं ती तपासणीला धरून ठेवली. साईटचं घड्याळ संपलं. त्यानंतर तासाभरानं ११६ आणि वर काही पैसे साईटच्या पत्त्यावर जाऊन पडले. ट्रॉनवर तीन सेकंदाला एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदीचा एक गठ्ठा, बनतो, नाणं निघाल्यावर पोचायला वेळ लागलाच नाही, वेळ गेला तो निघायच्या आधी.

साईटवर काय दिसलं? "मुदत संपली, अपुरी रक्कम." मेंबरशिप बंदच.

मेस्त्रींनी मला फोन केला तेव्हा आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. "मला फाईल पायजे गा, नाणं नको."

मग काय

आता इथं दुसरा निर्णयाचा टप्पा. पैसे हरवलेले नव्हते, ट्रान्झॅक्शनचा क्रमांक टाकला की ट्रॉनच्या एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साईटवर, कोणालाही दिसतं की अमुक वाजता अमुक पत्त्यावर इतके पोचले. म्हणजे पुरावा पक्का होता, फक्त साईटनं तो मान्य करायला पाहिजे.

भाच्याचं म्हणणं, उरलेले चार त्याच पत्त्यावर पाठवून देऊ. मी थांबवलं, कारण मुदत संपलेल्या बिलाच्या पत्त्यावर पुन्हा पाठवलेले पैसे साईटच्या हिशोबात कुठं बसतील याचा भरोसा नव्हता. आणि तसंही पाठवता येत नव्हतं, कारण एक्स्चेंजची कमीत कमी विथड्रॉवल १० यूएसडीटीची. कमी पडले चार, पाठवायला पाहिजेत दहा, वर परत चार फी. चारशे रुपयाच्या खोटेसाठी तेराशे रुपये.

साईटला तिकीट टाकलं. उत्तर दोन दिवसांनी आलं, साधं आणि सभ्य, रिफंड पाहिजे असेल तर पत्ता द्या. भाचा म्हणाला ज्या पत्त्यावरनं आले त्यावरच परत पाठवा म्हणून सांगू. हे ऐकून मी खरंच घाबरलो. ज्या पत्त्यावरनं नाणं निघालेलं दिसतं तो एक्स्चेंजचा सामायिक पत्ता असतो, हजारो लोकांचे पैसे त्यावरनं निघतात, तिथं परत आलेलं कोणाचं ते एक्स्चेंजला सहज कळत नाही. रिफंड घ्यायचा तर एक्स्चेंजमधला आपला स्वतःचा डिपॉझिटचा पत्ता द्यायला लागतो. बँकेत "परत पाठवा" म्हणलं की आपल्या खात्यात येतं, इथं तसं नाही.

पण रिफंड घेऊन तरी काय, परत सगळं पहिल्यापासनं. म्हणून उलटा प्रस्ताव दिला: पोचले आहेत तेवढ्याचे महिने द्या. वर्षाला १२० तर ११६ ला साडेअकरा महिने होतात, तुम्ही अकरा द्या, आम्हाला चालेल. सोबत ट्रान्झॅक्शनचा क्रमांक, बिलाचा क्रमांक, एक्सप्लोररचा स्क्रीनशॉट, आणि जुन्या मेंबरशिपचा ईमेल. तो जुना ईमेल उपयोगी पडला असं माझं मत. नवीन गिऱ्हाईक असतं तर एवढं ऐकून घेतलं असतं का, शंका आहे.

निकाल

साईटनं अकरा महिने दिले. महिरपीची फाईल त्याच रात्री उतरवली, रफिंग रात्रीत झालं, सकाळी बॉलनोज बिट लावून फिनिशिंग चालू असतानाच हेस्कॉमची लाईट गेली ही वेगळी कथा. देवघर चतुर्थीच्या आधी पोचलं. मंडळाच्या कमानीला मात्र मेस्त्रींनी तोवर जुनीच नक्षी वापरून टाकली होती, मंडळाच्या पोरांनी थोडी कुरकुर केली.

पैशाचा हिशोब असा: १२० डॉलर कार्डानं गेले असते तर बँकेचा चार्ज धरून दहा हजार आठशेच्या आसपास. क्रिप्टोनं ११,००० गेले आणि एक महिना कमी मिळाला. म्हणजे रुपयात बघितलं तर फार फरक नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण लोक फीबद्दलच बोलतात. खरा खर्च पुढचा होता.

मेस्त्री दरवर्षी आयटीआर-४ भरतात, छोट्या धंद्यांच्या ४४एडी या कलमाखाली उलाढालीच्या टक्क्यावर नफा दाखवायचा, बॅलन्स शीटची कटकट नाही. क्रिप्टो देऊन सेवा घेतली म्हणजे कायद्याच्या नजरेत ते नाणं विकल्यासारखंच, त्याची नोंद व्हीडीएच्या, म्हणजे क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेच्या, शेड्यूलमध्ये करायला लागते, आणि ते शेड्यूल आयटीआर-४ मध्ये नाहीच. आयटीआर-३ भरायचा. नफा किती? शून्यच, उलट चढ्या भावानं घेतल्यामुळं तोटा, पण तो तोटा दुसऱ्या कशातनंही वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विथड्रॉवलची फीसुद्धा खर्च म्हणून धरत नाहीत, फक्त खरेदीची किंमत. कर काही बसला नाही, फॉर्म मात्र मोठा झाला आणि माझं कामही. मेस्त्रींना हे सांगितलं तर म्हणाले, "एका महिरपीसाठी?" होय, एका महिरपीसाठी.

जीएसटीची बाजूही राहते. परदेशी साईटची अशी सेवा रजिस्टर्ड धंद्यानं घेतली की रिव्हर्स चार्जनं १८ टक्के आयजीएसटी आपण भरायचा आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. हे कार्डानं भरलं तरी तसंच आहे, पण कार्डाच्या वेळी बँकेची नोंद आणि साईटचं बिल दोन्ही असायचं. इथं साईटकडनं आला तो नुसता "पेमेंट मिळालं" असा ईमेल, वर वर्कशॉपचं नावसुद्धा नाही. मागून मागून बिल घेतलं, त्यावर रक्कम डॉलरमध्ये आणि खाली ट्रान्झॅक्शनचा क्रमांक. त्याला बँक स्टेटमेंट, एक्स्चेंजचं खरेदीचं रिपोर्ट आणि आपलं सेल्फ इन्व्हॉइस, म्हणजे रिव्हर्स चार्जसाठी आपणच बनवलेलं बिल, जोडून फाईल केली. उद्या कोणी विचारलं तर रुपये बँकेतनं एक्स्चेंजला, नाणं एक्स्चेंजमधनं साईटला, साईटकडनं बिल, अशी साखळी एका जागी दिसते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी प्लॅन. क्रिप्टोनं पहिल्यांदा भरताना महिन्याचे १५ डॉलर भरून बघायला पाहिजे होते. वर्षाची सूट ही कार्डाच्या जगात फायदा आहे, कारण काही बिघडलं तर बँकेत तक्रार टाकता येते. इथं तसं काही नाही, साईट उद्या बंद पडली तर उरलेले महिने गेले. साठ डॉलर वाचवायला आपण बारा महिन्यांचा भरवसा आगाऊ विकत घेत असतो. मेस्त्रींचं म्हणणं वेगळं आहे, एकदाच काय तो त्रास, दर महिन्याला कोण हे करत बसणार. तेही खरं, कारण क्रिप्टोत आपोआप रिन्यू होत नाही, प्रत्येक वेळी सगळं हातानं. माझं मत तरी पहिला महिना महिन्याचा, मग वर्षाचा.

रक्कम. फी, कमीत कमी विथड्रॉवल आणि थोडी वरकड धरून १३५ च्या आसपास घ्यायला पाहिजे होते. आणि "मॅक्स" न दाबता, फी जाऊन समोर १२० पोचतील असा आकडा टाकायला पाहिजे होता. ॲपमध्ये पाठवायची रक्कम आणि पोचणारी रक्कम दोन्ही दिसतात, खालची ओळ बारीक अक्षरात असते एवढंच.

घड्याळाचा प्रश्न मात्र नुसत्या सावधपणानं सुटत नाही. साईटचा पत्ता बिल काढल्यावरच मिळतो, त्यामुळं तो एक्स्चेंजकडं आधी मंजूर करून ठेवता येत नाही, आणि पहिल्या वेळी तपासणी होणार हे जवळजवळ नक्की. यावर उपाय म्हणजे मध्ये स्वतःचं वॉलेट, म्हणजे एक्स्चेंजच्या बाहेर आपलं नाणं आपणच ठेवायचं ॲप: एक्स्चेंजमधनं निवांत आपल्या वॉलेटमध्ये आणायचं, मग बिल काढायचं आणि वॉलेटमधनं लगेच पाठवायचं. भाच्यानं हे नंतर करून बघितलं तर नवीनच गंमत, वॉलेटमध्ये यूएसडीटी आहे पण हलतच नाही. ट्रॉनवर यूएसडीटी पाठवायची फी टीआरएक्स या दुसऱ्या नाण्यात लागते. कोगनोळी टोलला ट्रकमध्ये लाखाचा माल आहे पण फास्टॅगमध्ये पैसे नाहीत, तशी गत. म्हणजे टीआरएक्सही घ्यायचं, तेही एक्स्चेंजमधनं काढायचं, त्याची वेगळी फी, आणि आयटीआर-३ मध्ये त्याचीही नोंद. शिवाय वॉलेटचे परवलीचे बारा शब्द सांभाळायचे, जे मेस्त्रींनी लाकडावर कोरून ठेवतो म्हणून चेष्टा केली.

म्हणून लाइटकॉइनचा पर्याय मला आता जास्त बरा वाटतो. त्याचं नेटवर्क एकच, टीआरसी (ट्रॉन) की इआरसी (इथेरियम) हा घोळ नाही, फी त्याच नाण्यात आणि किरकोळ, अडीच मिनिटाला ब्लॉक. भाव वर-खाली होतो हे खरं, पण घेतल्यापासनं पाठवेपर्यंत एक-दोन दिवस, तेवढ्यात बहुतेक वेळा दोन-चार टक्के, कधी जास्तही. लोक स्थिर नाणं म्हणून डोळे झाकून यूएसडीटी घेतात, आणि स्थिरतेची गरज ज्याला वर्षभर ठेवायचंय त्याला, आपल्याला तर ते हातात येताच द्यायचं असतं.

आणि पैसे पाठवायच्या आधी साईटला एक ईमेल. कमी पोचले तर काय करता, मुदतीनंतर पोचले तर धरता का, बिल आमच्या नावानं देता का. या तीन प्रश्नांना उत्तर देणारी साईट असेल तर पुढं जावं, उत्तरच देत नसेल तर तेही उत्तरच.

एक रस्ता आम्ही तेव्हा बघितलाच नाही, कारण सगळे त्या साईटच्या मागं होतो. मेस्त्रींच्या ओळखीतली एक मुलगी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर मॉडेलं करते, दिवाळीनंतर तिच्याकडनं दोन महिरपी करून घेतल्या, यूपीआयनं पैसे, साधं बिल. एक फाईल पंधराशेला पडते, साईटपेक्षा कितीतरी महाग, पण ती मापाला बसवून देते आणि यल्लम्माचा मुखवटा सौंदत्तीच्यासारखा पाहिजे म्हणलं तर तिला समजतं, परदेशी साईटवर तो मिळणारच नाही. पण मेस्त्रींना वर्षाला तीस-चाळीस फाईली लागतात, सगळ्या तिच्याकडनं करून घेणं परवडत नाही. तेव्हा नेहमीची वेलबुट्टी साईटवरची आणि देवादिकांचं काम तिच्याकडं, असं सध्या चाललंय.

मेंबरशिप येत्या पावसाळ्यात संपते. रिन्यू करायचंच ठरलं तर लाइटकॉइननं महिन्याचा प्लॅन घ्यायचा, आणि त्याआधी साईटला ईमेल करून कार्ड परत सुरू झालंय काय विचारायचं, असं भाच्याला सांगून ठेवलंय. मेस्त्रींनी परवा बँकेत जाऊन स्वतःच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घेतलेत, लिमिट पंधरा हजार.